हिंदीचं ॲप सहा महिने वापरल्यावर: ‘तुम’ला हिरवी खूण देणारं कामाचं नाही

परवा सकाळी गॅसवर दूध ठेवलं आणि बँकेचा मेसेज आला, 2,100 रुपये वजा. हिंदी शिकायच्या ॲपची वर्गणी. मुलाचं लग्न होऊन महिना झाला, ॲप मी मोबाइलमधून काढूनही टाकलं होतं, तरी पुढच्या सहा महिन्यांचे पैसे आपोआप कापले गेले. आमच्या परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, जवळपास अर्धा क्विंटल सोयाबीन घातल्यावर एवढे हातात पडतात. म्हणून हे लिहायला बसले.

मुलगा पुण्यात नोकरीला, सून कानपूरची, लग्न कानपूरलाच. मी वरमाय, आणि मला त्या मांडवात मुक्यानं उभं राहायचं नव्हतं. शाळेत पाचवीपासून हिंदी होतं, वाचता येतं, टीव्ही कळतो. बोलायची वेळ आली की तोंडात येते ती गल्लीतली हिंदी: मेरेकू, कायकू, हौ, नक्को. निजामाच्या राज्यापासून मराठवाड्यात हीच चालत आली आहे. शेजारच्या चाचीशी मी तीस वर्षं हीच बोलते आणि मला तिची लाज नाही. ‘नक्को’ तर आपलंच ‘नको’. पण कानपूरच्या व्याह्यांपुढं नीट बोलावं असं मनात होतं.

ॲप इंग्रजीतून शिकवतं, मराठीची सोय नाही. लिपी आपलीच, तरी पहिले बारा दिवस क, ख, ग गिरवण्यात गेले. ते ओलांडून पुढं जाता येत नाही. एवढं मी सोडून दिलं असतं.

सोडून देता येत नाही ती गोष्ट ‘तुम’ची. धड्यात विचारतात, ‘हाऊ आर यू’. मी ‘तुम कैसे हो’ लिहिलं, हिरवी खूण. ‘आप कैसे हैं’ लिहिलं, तरी हिरवी खूण. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’, म्हणून ॲपला दोन्ही सारखंच. आपल्याकडं तू आणि तुम्ही, तिकडं तीन पायऱ्या: तू, तुम, आप. आपलं मानाचं ‘तुम्ही’ म्हणजे त्यांचं ‘आप’. ‘तुम’ बरोबरीच्या माणसाला, नाहीतर धाकट्याला. ‘आप’ मला पुस्तकातून माहीत होतं, पण जीभ तुम्हीवरून सरळ तुमवर जाते, आणि जिथं अडवायचं तिथं ॲप शाबासकी देतं. चार महिने मी व्याह्यांना फोनवर ‘तुम खाना खाए?’ विचारत होते. ती भली माणसं, कधी बोलून दाखवलं नाही.

चाचीची लेक उर्दू शाळेत शिकवते. एकदा ती घरी आली असताना व्याह्यांचा फोन आला. मी बोलून ठेवल्यावर म्हणाली, “काकू, समधियों को तुम नक्को बोलो. आप बोलो.” मग तिनं किराणाच्या बिलामागं लिहून दिलं: आइए, बैठिए, सुनिए. त्याखाली वेगळी चालणारी चार: दीजिए, लीजिए, कीजिए, पीजिए. तो कागद अजून फ्रिजवर आहे. ॲपमध्ये ही चार रूपं चार ठिकाणी विखुरलेली आहेत.

ॲप ज्यातून आपला उच्चार तपासतं त्या माइकबद्दल मात्र माझं मत बदललं. ‘चम्मच’ म्हटलं की लाल खूण, दहादा म्हटलं तरी लाल. माइक बिघडलाय असं लिहून मी दोन तारे दिले होते. पुढं सुनेनं व्हिडिओ कॉलवर ऐकलं आणि सांगितलं, आई, तुमचा च दातांपाशी येतो. खरंच, ‘चमचा’तला च आपण वेगळा काढतो आणि ‘चार’मधला वेगळा. हिंदीत सगळे च ‘चार’मधल्यासारखे. माइकचं बरोबर होतं, दोनाचे तीन तारे केले. ‘कल’ म्हणजे कालही आणि उद्याही, ते क्रियापदावरून ओळखायचं, हेही ॲपनं चांगलं पक्कं करून घेतलं.

साखरपुड्याच्या आधी विहीणबाईंचा फोन आला, “हम कल आ रहे हैं.” ॲपनं शिकवलेलं, हम म्हणजे आम्ही सगळे. मी दहा माणसांचं पुरण घातलं. आल्या त्या एकट्या, सोबत धाकटा मुलगा. तिकडं एकटी बाईसुद्धा स्वतःला हम म्हणते, वर क्रियापद ‘आ रहे’. हे कुठल्याच धड्यात नाही.

लग्नाचे शब्दही नाहीत. विमानतळावर सात धडे आहेत. समधन (म्हणजे विहीण), जेठानी, जयमाला, फेरे, विदाई यांतला एकही शब्द नाही. आपली वरात लग्न लागल्यावर निघते, त्यांची बारात लग्नाआधी, आपल्या परण्यासारखी. माझी नणंद सुनेच्या बहिणीला ‘ताई’ म्हणाली, तर ती पंचविशीतली पोरगी बघतच राहिली. तिकडं ताई म्हणजे थोरली चुलती.

आम्ही सचखंड एक्सप्रेसनं झाशीपर्यंत गेलो, तिथून कानपूर. बारात रात्री दारात पोचली. विहीणबाई पुढं आल्या, मी म्हटलं, “समधनजी, पहले आप बैठिए.” त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. फेरे पहाटे तीनला होते. तोवर शेजारी बसून त्या लेकीच्या लहानपणचं सांगत होत्या आणि मला जवळजवळ सगळं कळत होतं. त्या रात्रीसाठी मी दुप्पट पैसेही दिले असते, पण ते किराणाच्या बिलावरच्या कागदाला.

ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबत नाही. ऑटोपेचं मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, आपल्या यूपीआय ॲपमध्ये जाऊन रद्द करावं लागतं, ते मी आता केलं. पैसे परत मागायला दोन मेल मराठीत केले, उत्तर नाही. तिसरा हिंदीत लिहिला, ‘कृपया मेरे पैसे वापस कर दीजिए’. इंग्रजीत उत्तर आलं, नियमात बसत नाही. चौथा आज पाठवतेय.