काच उघडून पट्ट्या दुरुस्त करतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा

साताऱ्यात शाहूपुरीत आमचं घर आहे. सासूबाईंच्या खोलीचं गॅलरीचं दार पश्चिमेला, म्हणून दोन काचांच्या मधे ऊन अडवणाऱ्या, उघडझाप होणाऱ्या पट्ट्या असलेलं दार बसवून घेतलं होतं. पट्ट्यांवर धूळ नाही, पडदे धुवायची कटकट नाही. मे महिन्यात त्या पट्ट्या अर्ध्यावर अडकल्या. पट्ट्या हलवायची काचेवरची बाहेरची सरकपट्टी वरखाली व्हायची, आत मात्र काही हलत नव्हतं.

ओळखीतून अ‍ॅल्युमिनियमची दारं-खिडक्या करणाऱ्या एका सेक्शनवाल्याचा नंबर मिळाला. तो येऊन दोन मिनिटं बघून म्हणाला, "ताई, आतली दोरी तुटलीय. कंपनी अख्खी काच बदलायला लावेल, 20 हजारांच्या खाली येणार नाही. मी इथंच उघडून 6,500 मध्ये करून देतो." पुढं ओल धरणार नाही ना, असं मी दोनदा विचारलं. "सिलिकॉन मारतो की! थेंबसुद्धा आत जायचा नाही." 4,000 रुपये आगाऊ घेतले. बिल काम झाल्यावर देतो म्हणाला, ते आजतागायत मिळालेलं नाही.

बीडिंग, म्हणजे काच चौकटीत धरून ठेवणारी पट्टी, काढून त्यानं काच पलंगावर आडवी ठेवली आणि कडेनं कटर फिरवला. दोन काचांमधली अ‍ॅल्युमिनियमची पोकळ पट्टी कोपऱ्यात निसटली, तसे तिच्यातून मोहरीएवढे पांढरट दाणे फरशीवर सांडले. सासूबाईंनी विचारलं, हे काय? "पॅकिंगचा भुसा आहे, आजी, टाका झाडून." आम्ही झाडले. संध्याकाळी पट्ट्या छान उघडझाप करत होत्या, उरलेले पैसेही देऊन टाकले.

जूनच्या अखेरीस पाऊस लागला. एका सकाळी काच धुरकट दिसली. मी आतून पुसली, बाहेरून पुसली, पण धूर काही जाईना. दोन काचांच्या मधेच दव धरलं होतं. आठवड्यात खालच्या पट्ट्यांवर पाण्याचे ओघळ आले. त्याला फोन केला तर आधी "उद्या येतो", मग फोनच बंद.

शेवटी पुण्यातल्या एका काचवाल्याला फोटो पाठवले. त्यांनी समजावलं तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. ते दाणे भुसा नव्हतेच, दोन काचांमधल्या हवेतला ओलावा शोषून घ्यायला भरलेले असतात. कारखान्यात कोरडी हवा कोंडून कडा दोन थरांनी बंद करतात. घरी पलंगावर, नळीतल्या सिलिकॉननं ते काम होत नाही. आतली दोरी खरोखर तुटली, तर बहुतेक वेळा पट्ट्यांसकट नवी काच मापानं बनवून आणावी लागते, आणि काच टफन, म्हणजे तापवून मजबूत केलेली, असेल तर ती नंतर कापताही येत नाही.

त्यांनी आणखी एक विचारलं, ते मला सगळ्यात जास्त लागलं. सरकपट्टीत एक चुंबक असतो, त्याच्यासमोर काचेच्या आत दुसरा. झटका बसला की दोघांची पकड सुटते आणि पट्ट्या अडकल्यासारख्या वाटतात. बाहेरची सरकपट्टी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली की आतला चुंबक पुष्कळदा पुन्हा पकड घेतो. "हे करून पाहिलं होतं का?" कुणीच पाहिलं नव्हतं. तुटलेली दोरीही त्या माणसानं मला दाखवली नव्हती. तुमच्याकडं असं झालं, तर आधी हे करा. तरीही कुणी दोरी तुटली म्हणालं, तर बसवणाऱ्या कंपनीलाच बोलवा, वॉरंटीचा कागद शोधा आणि काचांच्या कडेचं सील कापायला कुणालाही देऊ नका. एक पैसाही आगाऊ देण्याआधी बिल मागा.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं एवढेच माझे पुरावे. पलंगाखाली घरंगळलेले काही दाणे नंतर सासूबाईंना सापडले, ते त्यांनी हळदकुंकवाच्या जुन्या डबीत भरून ठेवलेत. जिल्हा ग्राहक आयोगात जावं लागलं, तर ती डबीही बरोबर नेणार आहे.