दारू कमी करायची: चार भेटींचं समुपदेशन की बारा सत्रांचं सीबीटी?

क्षयरोग, एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस सी असलेल्या माणसाची दारू हा वेगळा विषय नाही, तो उपचाराचाच भाग आहे. आयसोनियाझिड हे क्षयरोगाचं औषध आधीच यकृतावर ताण देतं, त्यात दारूची भर. शिवाय पिण्याच्या दिवशी गोळी चुकण्याची शक्यता वाढते.

चार भेटींच्या समुपदेशनामागची प्रेरणात्मक संवादाची पद्धत मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये मांडली. इथे उपदेश नसतो. ‘गोळ्या नीट चालाव्यात असं तुम्हाला वाटतं, मग पिण्याचं काय करायचं?’ असं विचारून कारणं रुग्णाच्याच तोंडून येऊ देतात. प्रशिक्षित नर्ससुद्धा औषध देतानाच हे करू शकते. मला ही या पद्धतीची सर्वांत मोठी ताकद वाटते, कारण रुग्णाला वेगळी खेप पडत नाही.

सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी), म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन, खोलात जातं. कोणत्या वेळी, कुणासोबत, कशामुळे हात ग्लासाकडे जातो याची नोंद ठेवायची, नकार द्यायचा सराव करायचा. पुन्हा पुन्हा घसरणाऱ्याला हे उपयोगी पडू शकतं. पण थकलेल्या रुग्णाला बारा सत्रं जड जातात.

अमेरिकेतल्या ‘प्रोजेक्ट मॅच’ चाचणीत (1997) प्रेरणात्मक संवादावर आधारलेल्या चार भेटी आणि सीबीटीची बारा सत्रं यांच्या परिणामांत फारसा फरक दिसला नाही. ती खास संसर्गजन्य आजारांच्या रुग्णांवरची नव्हती, तरी मी सुरुवात संवादानेच करेन आणि गरज पडली तर सीबीटी जोडेन.

रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एकदम बंद करू नये. आकडीचे झटके येऊ शकतात, आधी डॉक्टरांना सांगा.