उधेवाडीची ओसरी: पाचातले चार तारे, एक कापला त्याचं कारण खाली

लोणावळ्याजवळच्या राजमाची किल्ल्यावर उधेवाडी गाव आहे, तिथल्या एका घरी राहून-जेवून आलो, त्याबद्दल हे. आधीच सांगते, डोंबिवलीत वीस वर्षं मी पोळीभाजीचे डबे केले आहेत. त्यामुळे दुसऱ्याच्या ताटावर बोलताना जीभ जरा सैल सुटते.

राजमाचीला मी पहिल्यांदा गेले १९९४ साली, कोंदिवड्याच्या बाजूने, तीन तास घामाघूम होत. वाटेत कोंढाण्याची लेणी लागतात. आमच्या सरांनी तिथला ब्राह्मी लेख वाचून दाखवला होता, ‘कण्हाचा शिष्य बलक याने केलं’ अशा अर्थाचा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव अजून डोक्यात आहे. त्या रात्री गावात ज्यांच्याकडे जेवलो त्यांचं मात्र नाही, याची आता लाज वाटते. तेव्हा कंदील होते. आता दिवे आहेत, फोन चार्ज होतो.

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात काजव्यांसाठी गेलो, मी, मुलगा आणि भाची. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे जीपने. अंतर पंधरा-सोळा किलोमीटरच, पण त्या रस्त्याने कंबरेचे सगळे मणके मोजून घेतले. एकदा पाऊस धरला की जीप विसरा, चालत जा.

नवख्यांसाठी एक सांगते. राजमाची म्हणजे एक गड नाही. वर दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन. दोघांच्या मधल्या खिंडीत भैरोबा. आणि खालच्या ऐसपैस माचीवर हे गाव, उधेवाडी. कागदोपत्री तालुका मावळ, जिल्हा पुणे, पण कड्यावर उभं राहून करवंदाची बी थुंकली तर ती रायगड जिल्ह्यात पडेल. बोरघाटावर नजर ठेवायला ही जागा. शिवाजी महाराजांनी १६५७ साली घेतली, १८१८ साली इंग्रजांकडे गेली. माझा गुडघा भैरोबापर्यंतच चालला. श्रीवर्धनचा दुहेरी तटाचा बुरूज भाचीने पाहिला, मी तिच्या फोनमध्ये.

आता मुद्द्याचं. घर साधं, शेणाने सारवलेली ओसरी, तिच्यावरच सतरंज्या टाकून झोपायचं. स्वयंपाक सासू आणि सून मिळून करतात. मी चुलीपाशीच जाऊन बसले, सवयच ती. आजींनी तांदळाचं पीठ गरम पाण्यात मळलं, काठवटीत भाकरी थापली, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला. मग उलटली आणि तवा सरकवून निखाऱ्याला उभी लावली. टम्म! कडेला एकही चीर नाही. माझ्या तांदळाच्या भाकरीला वीस वर्षांत चीर पडायची राहिली नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, “पानी कडकडीत लागतं आई, आन् घाई नको.” पिठलं पातळ, लसणाचं, वर तेलाचा तवंग नाही. ठेचा मात्र जपून घ्या, मुलाने दोनदा घेतला आणि नंतर बराच वेळ बोललाच नाही.

दुसरी वाटी भाजी मागितली तेव्हा सून क्षणभर थांबली, मग दिली. नंतर लक्षात आलं. इथे बटाटा, तेल, गॅस, सगळं लोणावळ्याहून त्याच रस्त्याने चढवायचं. घरचं म्हणजे खाचरातला भात आणि नाचणी. पाणीसुद्धा उन्हाळ्याच्या शेवटी हिशेबानेच. शंकराच्या देवळाजवळच्या तळ्यापाशी गोमुखातून पडणारी धार पाहून पोरं “व्वा” म्हणत होती, मला तिथे हंडे दिसत होते. आणि गंमत बघा, इथून जवळच्या वळवण आणि शिरोट्याच्या धरणांचं पाणी टाटांनी खाली खोपोलीला उतरवलं, मुंबईच्या गिरण्या १९१५ पासून त्या विजेवर चालल्या. समोरच्या दरीतली उल्हास पुढे आमच्या नळाला येते. म्हणजे मी वीस वर्षं कणीक भिजवली ती इथल्याच पाण्याने.

काजव्यांबद्दल काय लिहू? आठच्या सुमाराला एका झाडावर सुरू झाले, आधी विस्कळीत, मग सगळं झाड एका दमात पेटायचं आणि विझायचं. तेवढ्यात शेजारच्या तंबूवाल्यांनी स्पीकर लावला आणि कोणीतरी मोठा टॉर्च मारला. झाड विझलं ते विझलंच.

तारा कापला तो घरासाठी नाही. मुलाने बुकिंग शहरातल्या एका कॅम्पवाल्याकडून केलं, माणशी पंधराशे. घरात सहज विषय निघाला तर कळलं, त्यांच्या हातात सहाशेच येतात, त्यात दोन जेवणं, नाश्ता, चहा आणि झोपायची सोय. सहाशेत मी डोंबिवलीत, दारात वाणी असताना, हे बसवू शकले नसते. बाकी तक्रार एकच, संडास घरामागे आहे आणि रात्री वाटेवर दिवा नाही. बॅटरी न्या, पण काजव्यांवर मारू नका.

तर थेट घरी फोन करून जा, आणि आदल्या दिवशीच करा. किती पीठ काढायचं ते आजींना कळायला हवं.