महिन्याची पिल्ले देणारे मदर युनिट : पैसे वसूल, कागद मात्र नाही

परसातल्या कोंबड्यांसाठी एक दिवसाची पिल्ले आणण्याऐवजी मदर युनिटमधून महिनाभर वाढवलेली पिल्ले घेणे अनेकांना महाग वाटते. परंतु पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या साधनाखाली, सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान राखायचे, पुढे दर आठवड्याला ते दोन-तीन अंशांनी उतरवत न्यायचे आणि रात्री वीज गेली की शेगडी पेटवून बसायचे, हे ज्याने केले आहे त्याला या जादा पैशांचे कारण समजावून सांगावे लागत नाही. आमच्या तालुक्यातील अशाच एका युनिटमधून आम्ही ग्रामप्रिया जातीची पिल्ले घेतली.

युनिट चालवणाऱ्या बाईंचा व्यवहार रोखठोक आहे आणि मला तोच सर्वांत भावला. पिल्लू देण्यापूर्वी त्या त्याचे दोन्ही पंख अंगाशी दाबून धरतात, पाय बोटांच्या बेचक्यात घेतात, छातीच्या हाडावरून अंगठा फिरवून मांस किती भरले आहे ते पाहतात आणि शेवटी शेपटी उचलून मागची बाजू तपासतात. तेथे विष्ठा चिकटलेली दिसली की ते पिल्लू विक्रीतून बाजूला जाते. एका पायाला धरून पिल्लू लोंबकळत नेणाऱ्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी सर्वांसमोर खडसावले. मात्र लाड त्यांना अजिबात खपत नाहीत. माझ्या मुलीने एका तलंगेला नाव ठेवलेले ऐकून त्या म्हणाल्या, "ताई, बारसं करा हवं तर, पण अंड्यावरून उतरली की तिला विकायची तयारी ठेवा."

सल्लाही त्या पदरमोड करून देतात, म्हणजे स्वतःचा खप कमी होईल याची फिकीर न करता. ग्रामप्रिया अंड्यांना चांगली असली तरी ती सहसा खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही, त्यामुळे घरीच पिल्ले काढायची असतील तर एक-दोन गावरान कोंबड्या ठेवाव्यात, हे त्यांनी विचारण्याआधीच सांगितले. नवी पिल्ले जुन्या कोंबड्यांपासून किमान दोन आठवडे वेगळी ठेवण्यास आणि मेलेला पक्षी उकिरड्यावर न फेकता चुना टाकून खोल पुरण्यासही त्यांनी बजावले.

तक्रार आहे ती नोंदींची. लासोटा (मानमोडी रोगावरची), गंबोरो (त्याच नावाच्या रोगावरची) आणि पुन्हा लासोटा अशा लसी दिल्याचे तोंडी सांगितले जाते, पण तारखांचा कागद मिळत नाही. सहाव्या आठवड्याच्या सुमारास देवीची आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास मानमोडीची आर-टू-बी लस गिऱ्हाइकानेच टोचून घ्यायची असते. अशा वेळी मागच्या तारखा ठाऊक नसतील तर पशुवैद्यकालाही अंदाजाने काम करावे लागते. दुसरे असे की नर-मादी मिश्र दिले जातात. महिन्याच्या पिल्लांत तुऱ्यावरून बराच अंदाज येतो, तरीही निवडू दिले जात नाही, आणि अंड्यांसाठी पैसे मोजणाऱ्याच्या गळ्यात निम्मे कोंबडे पडतात. या नरांना बाजारात गिऱ्हाईक मिळते हे खरे; पण तोपर्यंतचे खाद्य आपल्याच खिशातून जाते.

मुंगसाने नेलेले एक वगळता आमची सर्व पिल्ले जगली. पावसाळ्यानंतरच्या खेपेसाठी नाव नोंदवले आहे आणि या वेळी लसीकरणाच्या तारखा पावतीमागे लिहून घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, असे बाईंना आधीच कळवले आहे.