जॉर्ज पंचमचा रुपया घेताना: चकचकीत की काळपट?

चांदीच्या जुन्या नाण्यांचा नाद बहुतेकांना राजाछाप, म्हणजे ब्रिटिश राजा जॉर्ज पंचमचा चेहरा असलेल्या रुपयापासून लागतो. हे नाणं मिळायला सोपं आहे, त्यालाही कारण आहे. पहिल्या महायुद्धात चांदीची ओढाताण झाली, तेव्हा अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याखाली आपले चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी ब्रिटिशांना विकली. तिचे रुपये मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींत पाडले गेले. त्यामुळे १९१८-१९ चे रुपये आजही ढिगाने आहेत. म्हणजे घाई करायचं कारण नाही आणि ‘जुना आहे, दुर्मीळ आहे’ या बोलण्याला भुलायचंही कारण नाही. इथे जास्तीचे पैसे मोजायचे ते फक्त नाण्याच्या अवस्थेसाठी.

आता समजा, व्यापाऱ्याने तुमच्यासमोर १९१८ चे दोन रुपये ठेवले. एक आरशासारखा लखलखीत, दुसरा करडा-काळपट, कडेला निळसर-तपकिरी छटा. किंमत सारखीच. नवखा माणूस पहिल्याला हात घालतो. मी दुसरा उचलेन.

शंभर वर्षं हवा लागलेली चांदी सहसा पांढरीशुभ्र राहत नाही. राहिली असेल, तर तिला रिठा, चिंच, टूथपेस्ट नाहीतर रसायनाची आंघोळ मिळाल्याची शक्यता मोठी. नाणं दिव्याखाली तिरपं धरून सावकाश फिरवा. न घासलेल्या कोऱ्या नाण्यावर प्रकाशाचे पट्टे मध्यापासून कडेकडे चक्रासारखे फिरतात, आणि काळपट थर पातळ असेल तर त्याच्याखालूनही ते दिसतात. घासलेल्या नाण्यावर पट्टे फिरत नाहीत, सगळीकडे सपाट झगमग असते. दहा पटीच्या भिंगातून राजाच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसले, तर विषय संपला. काळपटपणा हवा तेव्हा काढता येतो (काढू नये!), ओरखडा मात्र कायमचा.

काळ्या रंगालाही डोळे झाकून मान द्यायची गरज नाही. गंधकाचा धूर देऊन नाणी मुद्दाम काळी-निळी करणारे आहेत. तो रंग अक्षरांच्या खाचाखोचांतही एकसारखा बसलेला असतो, नैसर्गिक छटा मात्र कडेकडून आत हळूहळू विरत जाते. आणि हिरवट चिकट थर दिसला तर तो काळाचा नव्हे, मऊ प्लास्टिकच्या अल्बमचा प्रताप. तो चांदी खातो.

रंगानंतर झीज. जॉर्ज पंचमच्या रुपयावर आधी मुकुटातले खडे, भुवई, कान आणि दाढी बघा, मग छातीवरच्या साखळीतला हत्ती. हत्तीचे पाय, सोंड वेगळे दिसत असतील तर नाणं एक्सएफ (एक्स्ट्रा फाइन, थोडंच झिजलेलं) या प्रतीच्या आसपास किंवा वर. हत्तीचा नुसता गोळा उरला असेल आणि मुकुटातले तपशील अर्धेमुर्धे असतील तर व्हीएफ (व्हेरी फाइन, त्याखालची प्रत). हत्ती गायब, कान सपाट, तर फाइन (आणखी खालची प्रत) किंवा त्याहून खाली, विक्रेत्याने पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. फक्त एक खबरदारी घ्या. कधी हत्ती ठशाचा दाब कमी पडल्यामुळेही पुसट असतो. तशा जागेवर मूळ चमक शाबूत असते. झिजलेली जागा मात्र मळकट करडी दिसते. हा फरक कळू लागला की इतरांनी ‘झिजका’ म्हणून बाजूला टाकलेलं नाणं तुम्हाला स्वस्तात मिळू शकतं.

कोऱ्या नाण्यावरचे बारीक ठोके वेगळे. टांकसाळीतून पोत्यात भरताना नाणी एकमेकांवर आपटत. त्याने प्रत थोडी उतरते, पण नाणं ‘चलनातलं’ ठरत नाही.

मग साधा, झिजलेला पण कुणी न छेडलेला रुपया? लक्ष्मीपूजनात ठेवायला किंवा मुलाच्या हातात द्यायला तोच घ्या. त्या दिवसाच्या भावाने १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदीची किंमत काढा, झिजेपोटी थोडी कमी धरा, आणि वर फार देऊ नका. दागिन्यातून सुटलेले रुपये तर यापेक्षाही खाली. राजाच्या डोक्यावरच्या कडेला दातेरी रेषा बुजलेल्या किंवा कानशीने घासलेल्या असतील, तर तिथे कधीतरी कडी जोडलेली होती. समोरून कितीही देखणं असो, संग्राहक त्याला पूर्ण भाव देत नाही.

खरेपणाची तपासणी प्रतीच्या आधी करायची. अस्सल रुपयाचं वजन जुना एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. वापराने थोडं घटतं, पण दहा ग्रॅमचा ‘रुपया’ परत करा. चुंबक तर लावाच, चिकटला तर तो चांदीचा नाही. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा आणि दोऱ्याने टांगलेला रुपया तळाला न टेकवता बुडवा, आकडा १.१३ ग्रॅमच्या जवळ यायला हवा. दिवाळीत पूजेसाठी नव्याने पाडलेली राजाछाप नाणीही विकली जातात. ती चांदीची असतील, पण अक्षरं गुबगुबीत, कडा गुळगुळीत. आणि १९४० ते १९४५ सालांच्या जॉर्ज सहावाच्या रुपयात चांदी निम्मीच, ५० टक्के. व्यापाऱ्याने दोन्ही एकाच भावात लावले तर साल वाचा.

उरला प्रश्न स्लॅबचा, म्हणजे एनजीसी किंवा पीसीजीएस या अमेरिकी कंपन्यांनी प्रत ठरवून प्लास्टिकच्या डबीत बंद केलेल्या नाण्याचा. साध्या १९१८ साठी त्याची गरज नाही, खर्चच नाण्याला भारी पडतो. पण १९११ चा रुपया (हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि बहुतेक नाणी परत वितळवली गेली) किंवा जॉर्ज सहावाचा दुर्मीळ १९३९ चा रुपया घ्यायचा असेल, तर मी डबीशिवाय पैसे काढणार नाही. त्यातही लेबलवर नुसता प्रतीचा आकडा आहे की ‘डिटेल्स’ हा शब्द, ते पाहा. ‘डिटेल्स’ म्हणजे नाणं खरं, पण घासलेलं किंवा बिघडलेलं. डबीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून फोटो जुळतो का तेही बघा, कारण डब्याही खोट्या निघतात.

परदेशी राहणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. १९१८ चा रुपया आता त्यात बसतो. इथे घेतलात, तर तो इथेच घरच्यांकडे ठेवायची तयारी हवी.