चहा सांडलेला लॅपटॉप दुरुस्तीला दिला, परत आला तो दुसऱ्याच बोर्डासह

भाचीच्या मॅकबुक एअरवर (2017चं मॉडेल) चहा सांडला आणि तो सुरू होईना. पुण्यातल्या एका दुकानात दुरुस्तीला दिला. तिथून आला तेव्हा आतला मदरबोर्ड आमचा नव्हता. ही लबाडी सहसा पकडलीच जात नाही. बंद मशीन देतो, बंद मशीनच परत येतं, मग संशय कुणाला यावा? म्हणून तपशिलात लिहितोय.

चहा सांडताच भाचीनं पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद केलं, उलटं ठेवलं आणि खालचं झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवला. हे फार महत्त्वाचं. ओल्या बोर्डातून वीज खेळत राहिली की त्यावरचं तांबं झपाट्यानं गंजतं. तांदळाच्या डब्यात ठेवून काहीही साधत नाही, दूध-साखर आतच वाळते. या मॉडेलमध्ये एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी पट्टी, वेगळी निघते, तीही तिनं काढून ठेवली, त्यामुळे प्रोजेक्टचं सगळं काम घरीच राहिलं. आणि आतला फोटो काढून मला पाठवला, "मामा, कडेला हे चिकट काय दिसतंय बघ ना."

दुकानदारानं आमच्यासमोर चार्जर लावला. मॅगसेफच्या, म्हणजे चार्जरच्या चुंबकानं चिकटणाऱ्या टोकाला हिरवा दिवा लागला. ही चांगली खूण असते, हे मला नंतर समजावून सांगितलं गेलं. चार्जर लावला की या बोर्डावर आधी 3.42 व्होल्टची लाइन तयार होते, तिच्यावर एसएमसी ही वीजपुरवठा सांभाळणारी चिप चालते आणि त्या चिपशी बोलणं झालं की दिवा लागतो. म्हणजे तोवर बोर्डात जीव होता, बिघाड पुढे कुठेतरी होता.

दोन हजार अॅडव्हान्स घेतला, पावतीवर फक्त 'लॅपटॉप डेड' लिहिलं. सीरियल नंबर लिहा म्हटलं तर उत्तर आलं, "सर, आमच्याकडं काही हरवत नाही." मग फोन. "बोर्ड फुल शॉर्ट आहे, सीपीयू गेलाय. चिप लेव्हलला ट्राय करतो, सहा हजार होतील." तेही दिले. शेवटी सांगितलं, नाही झालं, नवीन बोर्ड टाका, पंचवीस हजार. पैसे परत मागितले तर म्हणे, "मेहनत तर झाली ना सर."

मशीन घेऊन बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या एका कारागिराकडं गेलो. त्यानं आमच्यासमोर झाकण उघडलं, चार्जर लावला. दिवाच नाही. मायक्रोस्कोपखाली बोर्ड धरला आणि मलाही बघायला सांगितलं. चार्जिंगच्या आयसीची (चिपची) जागा रिकामी, खाली ती जिथं डाखलेली असते ते पॅड उघडे पडलेले, भोवती करपलेला फ्लक्स, म्हणजे डाख देताना लावतात ते रसायन. चहाचा मात्र कुठं मागमूस नाही. मग त्यानं बोर्डावरचा बारीक छापील नंबर वाचला, 820-3437. "काका, हा 2013-14च्या एअरचा बोर्ड आहे. तुमच्या मॉडेलला 820-00165 येतो." भाचीचा फोटो मोठा करून पाहिला. त्यात 820-00165 स्वच्छ वाचता येत होतं.

असं करतात कशासाठी? या बोर्डांवरच्या चिपा अॅपल सुट्या विकत नाही. दुरुस्ती करणारे त्या दुसऱ्या बोर्डांवरून काढतात. किरकोळ बिघाडाचा बोर्ड त्यामुळे पैसे मिळवून देतो, आणि त्याच्या जागी सगळं ओरबाडून झालेला भंगार बोर्ड बसवला जातो. बाहेरची बॉडी तीच, झाकणावरचा सीरियल नंबरही तोच. म्हणून झाकणावरच्या नंबरचा फोटो पुरत नाही, बोर्डावरच्या नंबरचा हवा.

'शॉर्ट आहे', म्हणजे वीज पुढे न जाता थेट ग्राउंडला (बोर्डाच्या शून्य व्होल्टच्या भागाला) जातेय, असं कुणी म्हणालं तर दाखवायला सांगा. मल्टिमीटर लागतो, बास. या मशीनची मुख्य लाइन, पीपीबस, साधारण 8.6 व्होल्टची असते. वीज काढून तिचा ग्राउंडशी रेझिस्टन्स मोजला आणि तो शून्याच्या आसपास आला, तर शॉर्ट. पुष्कळदा त्याला कपॅसिटर नावाचा तिळाएवढा एखादा सुटा भाग कारण असतो. लाइनवर बाहेरून कमी व्होल्टेज सोडायचं, वर आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकायचं, बिघडलेला भाग तापतो, म्हणून ते जिथं आधी उडून जातं तिथं दोषी सापडतो. हे ग्राहकासमोर करता येतं आणि प्रामाणिक माणूस आनंदानं करतो. एकही आकडा न सांगता 'सीपीयू गेला' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. पाण्यानं खराब झालेल्या बोर्डाची अल्ट्रासॉनिक सफाई (द्रवात बुडवून ध्वनिलहरींनी केलेली) केली का, तेही विचारा.

दुकानदार आता म्हणतो, "तुमचा बोर्ड असाच आला होता." भाची रडकुंडीला आली होती, त्या मशीनसाठी तिनं सुट्टीत शिकवण्या घेतल्या होत्या. आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथं मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथं शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. कारागिरानं त्याच्या लेटरहेडवर लिहून दिलंय: सापडलेल्या बोर्डाचा नंबर, काढलेली आयसी, तपासणीची तारीख. तुमच्यासोबत असं घडलं असेल तर बोर्ड कुणाला दुरुस्त करू देण्याआधी असं लेखी घ्या. एकदा त्यावर काम झालं की आधीची अवस्था सिद्ध करता येत नाही.