पाण्यातला महाल, अंधारी की दगडाचं वऱ्हाड? भावंडांनी आधी कुठं जावं

उन्हाळ्याच्या सुट्टीत सात-आठ पोरं माळवदावर झोपायची अशा मराठवाड्यातल्या घरात एखादं राज्य उभं राहायचंच. थोरला राजा, मधली सेनापती, शेंडेफळाच्या वाट्याला पहारा. राज्याचा मालमसाला आजीच्या गोष्टींतून यायचा. पाण्यात एक महाल आहे, त्यात बसलेल्याचं धोतर भिजत नाही. डोंगराच्या पोटात एक वाट आहे, तिथं शिरलेला शत्रू परत येत नाही. मुहूर्त टळला म्हणून अख्खं वऱ्हाड दगडाचं झालं. सगळं आजीच्या पदरचं, असं तेव्हा वाटायचं. पुढं कळतं की तिन्ही जागा आहेत आणि एसटीनं जाता येतं.

आता भावंडं चाळिशी-पन्नाशीत. एक लातूरला, एक पुण्याला, एक हैदराबादला. सगळ्यांची रजा वर्षातून एखाद्या वेळी जुळणार, मग नळदुर्ग, देवगिरी की अंबाजोगाई? नुसत्या नावलौकिकावर ठरवलं तर देवगिरीच निघेल. माझी कसोटी वेगळी आहे. ज्या गोष्टीवरून आपण लहानपणी शपथा घेऊन भांडलो, ती तिथं आजही घडते का, एवढंच बघायचं.

नळदुर्गापासून सुरुवात करते, कारण माझं मन तिकडं जास्त ओढतं. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, सोलापूरहून साधारण 45 ते 50 किलोमीटर. तिथं बोरी नदीवर किल्ल्यापासून पलीकडच्या रणमंडळ या जोडकिल्ल्यापर्यंत दगडी बंधारा घातलाय, उंची 90 फुटांच्या आसपास. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये, हे काम झालं, आणि ते मीर इमादीन या स्थापत्यकाराचं. पाणी महाल आहे तो या बंधाऱ्याच्या पोटात. जिन्यानं खाली उतरायचं, कमानीपाशी उभं राहायचं. नदी डोक्यावरून येऊन समोर कोसळत असते आणि आपण कोरडे. आजीचं धोतराचं वाक्य अक्षरशः खरं निघतं. बाजूला सांडव्यांवरून दोन धबधबे पडतात, एक नर, एक मादी. माझ्या थोरल्या भावानं लहानपणी या महालाला खिडक्या नाहीत असं ठासून सांगितलं होतं. आहेत, आणि त्यांतूनच पाणी बघायचं असतं. अशा जुन्या भांडणाचा निकाल लागतो तेव्हा पन्नाशीची माणसंही एकमेकांच्या पाठीत धपाटे घालतात.

पण नळदुर्गाला एक अट आहे आणि ती आपल्या सगळ्या मुलखाचीच अट आहे: पाऊस. नदीच्या वरच्या अंगाला बोरी धरण आहे. ते भरून वाहू लागलं की नर-मादी सुरू होतात. आपल्याकडची पावसाची तऱ्हा सगळ्यांना माहीत आहे. काही वर्षी धबधबे बघायला मिळतच नाहीत. त्यामुळं तीन महिने आधी तिकिटं काढून, दिवाळीची रजा धरून नळदुर्ग ठरवणं हा जुगार आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बातम्यांवर लक्ष ठेवा, बोरी भरल्याचं कळलं की त्याच आठवड्यात निघा. जमलं तर रविवार टाळा, पाणी सुरू झाल्यावरचा रविवार म्हणजे जत्राच. पूर फार मोठा असेल तर खाली महालात सोडतीलच असं नाही, हेही धरून चला. कोरड्या दिवसांत गेलात तरी बंधारा आहे, उपळ्या बुरुजावरून दूरवरचा मुलूख दिसतो, त्यावर तोफा आहेत. मात्र पाण्याशिवाय पाणी महाल ही एक गार खोली आहे. धाकटा तिथं ‘हेच का ते?’ म्हणणार आणि त्याचं चुकणार नाही.

नळदुर्गाचं आणखी एक सांगण्यासारखं. तिथला खंडोबा आणि शेजारच्या अणदूरचा खंडोबा एकच. मूर्ती वर्षातला बराच काळ अणदूरला असते, थोडा काळ नळदुर्गात. वाटणीवरून बोलणं बंद झालेल्या भावंडांना आधी तिथंच न्यावं असं माझं मत आहे.

देवगिरीचं तसं नाही. तिथली अंधारी पावसाची वाट बघत नाही. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला पंधराएक किलोमीटरवर किल्ला, बाराव्या शतकात यादवांच्या भिल्लमानं राजधानी केलेला. डोंगराचे कडे खालून तासून भिंतीसारखे सरळ केलेत, त्याखाली खडकात खोदलेला खंदक. खंदक ओलांडला की अंधारी: डोंगरात कोरलेली, वळणं घेत वर चढणारी पायऱ्यांची वाट. भर दुपारी आत बोटावर बोट दिसत नाही. वटवाघळांचा वास नाकात बसतो तो वरच्या बारादरी महालापर्यंत सोबत येतो. वरच्या तोंडाशी निखारे पेटवून धूर आत सोडायची सोय होती, म्हणजे शत्रू परत येत नाही ही गोष्ट आजीनं फुगवलेली नव्हती. आत गेल्यावर मिनिटभर सगळ्यांनी बॅटऱ्या बंद करा. कोण आधी कुणाचा हात धरतो ते तिथंच समजेल, बाहेर कुणी कबूल करणार नाही.

आमच्या राज्यात युद्ध कधी तुंबळ झालंच नाही, भूक लागली की राज्य बरखास्त व्हायचं. देवगिरीच्या इतिहासातही तेच सांगतात. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा धान्याची म्हणून वर नेलेली पोती मिठाची निघाली आणि रामदेवरायाला तह करावा लागला. एवढे तासलेले कडे, एवढी अंधारी, आणि घात केला तो कोठारानं.

देवगिरीची अडचण गुडघ्यांची. शेकडो पायऱ्या, उन्हाचा चटका, सावली फारशी नाही. सकाळी दार उघडताच चढायला लागा. अक्काला चढवत नसेल तर तिला पायथ्याच्या चांद मिनारपाशी बसवून वर जाऊ नका. सेनापतीला तळावर ठेवून गड सर केला असं होत नाही, तिचा विरस होतो. अशा वेळी सरळ वेरूळ गाठा. मंगळवारी तिथल्या लेण्या बंद असतात, तेवढं सांभाळा. सोळाव्या क्रमांकाचं कैलास लेणं कळसापासून खाली कोरत आणलंय. आमच्यातल्या कुणालाही लहानपणी हे सुचलं नव्हतं, म्हणून या तुलनेत ते धरत नाही. कल्पनेच्या पलीकडचं बघायला वेगळी रजा काढावी.

अंबाजोगाई या दोघांपेक्षा स्वस्त आणि सोपी, लातूर-परळीकडच्यांना तर घराजवळची. कथा अशी की इथल्या देवीचं, योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं, वऱ्हाडाला उशीर झाला, मुहूर्त टळला आणि सगळे जागच्या जागी दगड झाले. गावातलं हत्तीखाना लेणं लोक त्या वऱ्हाडाशी जोडतात. खडकात कोरलेला मंडप, पटांगणात दगडी हत्ती. हत्ती झिजलेत, काहींची मोडतोड झालीय. इथं मात्र बघणाऱ्यालाच थोडं काम करावं लागतं. नवऱ्याकडचे कोण, नवरीकडचे कोण, हे तुम्हीच ठरवायचं. भावंडांमध्ये गोष्ट रंगवून सांगणारं कुणी असेल तर दिवस मस्त जातो, नसेल तर तासाभरात चहाची टपरी शोधाल. माझ्या लेखी अंबाजोगाईची खरी चीज दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या शतकातला हा संत, त्यानं वेदांताचा ग्रंथ चाळीसेक फूट लांबीच्या कापडावर लिहिला. चादरीवर कोळशानं राज्याचा नकाशा काढल्याबद्दल ज्यांनी मार खाल्लाय त्यांनी ती बघायची संधी सोडू नये. जाणार असाल तर देवीच्या नवरात्रात, मार्गशीर्षात जा. ऊन मऊ असतं, गाव जागं असतं.

तर ठरवायचं असं. बोरी वाहत असेल आणि आठवड्याच्या आत सगळे निघू शकत असतील तर दुसरा विचार करू नका, नळदुर्ग. कुणाला परदेशातून यायचं असेल, तारखा आधीच पक्क्या असतील, तर देवगिरी. ती दगा देणार नाही. दोघांपैकी काहीच जमत नसेल, किंवा आईला सोबत न्यायचं असेल आणि तिला फार चालवत नसेल, तर अंबाजोगाई, कारण दर्शन झालं की तिचा दिवस सार्थकी लागतो आणि हत्तीखान्याला तुम्ही मागाहून जाऊन येता.

सुना, जावई, पोरं यांना पहिल्या खेपेला नेऊ नये. त्यांना प्रत्येक गोष्ट समजावून सांगावी लागते आणि तेवढ्यात आपलं भांडण विझतं. नळदुर्गाला जाताना बाकीच्या मंडळींना तुळजापूरला सोडा. ते तिथून 35 किलोमीटरच्या आतबाहेर आहे, रांगेत त्यांचा दिवस सहज निघतो आणि संध्याकाळी घेऊन यायला तुम्हाला वेळही मिळतो.